बॉइलबाईंनी निवडलेली वाट

ट्रेकला म्हणे बसने जायचं!

स्मृतीने कपाळावर हात मारून घेतला. अर्थात मनातल्या मनात, कारण शेजारीच डॉक्टर बॉइल उभ्या होत्या. ग्लेनव्हे नॅशनल पार्कच्या फाटकाशी गाडी लावायची, तिथून पार्कची मिनीबस पकडायची, तळ्याकाठचे चार किलोमीटर सीटवर बसून काढायचे, कॅसलपाशी उतरायचं आणि तिथून पुढे ‘चालायचं’. चालायचं तरी कशावर? बारीक खडी घालून पाटासारख्या सपाट केलेल्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंचे डोंगर नुसते शोभेला. उतरल्या उतरल्या समोरून एक बाई जुळ्यांची बाबागाडी ढकलत आली, तिच्यामागून काठी टेकत एक आजोबा, आणि आजोबांमागून एक लठ्ठ लॅब्रेडॉर. तिघांपैकी कोणालाही धाप लागलेली नव्हती.

“ही वाट सोपी आहे,” बॉइलबाई म्हणाल्या. “दरीच्या आत आतपर्यंत जाते, आणि चढ म्हणून कुठे नाही.”

सोपी! अहो बाई, आमच्या सोसायटीतला जॉगिंग ट्रॅक याच्याहून अवघड आहे. तिथे निदान पाण्याचा टँकर तरी चुकवावा लागतो. पण हे स्मृती बोलली नाही. तोंडाने ती म्हणाली, “लव्हली.” आयर्लंडमध्ये अडीच वर्षं काढल्यावर माणूस लव्हली, ग्रँड आणि नो बॉदर एवढ्या भांडवलावर अख्खा दिवस ढकलू शकतो.

आणि या असल्या रस्त्यासाठी तिने माळ्यावरच्या बॅगेतून जुने बूट शोधून काढले होते! दोनदा तळवे बदललेले, टाचेला हरिश्चंद्रगडाची माती अजून चिकटलेली असावी असे बूट. त्या बुटांना इथे आणणं म्हणजे त्यांचा अपमान होता.

बुटांचा विषय निघालाच आहे तर श्रेयसचे बघा. कोरे करकरीत. अंगात लालभडक जॅकेट, गुडघ्याशी चेन असलेली पँट, दोन्ही हातांत ट्रेकिंगच्या काठ्या, आणि एका काठीवर दुकानाचं स्टिकर तसंच. एव्हरेस्टला निघालेला माणूस चुकून बागेत उतरला होता. नाकाला सनस्क्रीनही फासलेलं. डोनेगलमध्ये सनस्क्रीन! इथे मे महिन्यात ऊन पडलं तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात.

स्मृती आणि श्रेयस, दोघंही बॉइलबाईंचे रजिस्ट्रार, म्हणजे हाताखालचे डॉक्टर. स्मृती पुण्याची, श्रेयस नाशिकचा. विभाग म्हाताऱ्या माणसांचा. बॉइलबाई त्या विभागाच्या कन्सल्टंट, एकसष्ट वर्षांच्या, उंच, ताठ, बोलायला मोजक्या. तरुणपणी त्या आल्प्समध्ये चढायला जायच्या असं नर्सेस सांगायच्या. आणि या बाईंनी शुक्रवारी संध्याकाळचा राउंड संपल्यावर दोघांना बाजूला घेऊन म्हटलं होतं, “उद्या मोकळे असाल तर ग्लेनव्हेला फिरायला येता का? तिघंच जाऊ.”

स्मृती काही दूधखुळी नव्हती. जुलैमध्ये दोघांचीही कॉन्ट्रॅक्टं संपत होती. मंदीमुळे वरून फक्त एकालाच वर्षाची मुदतवाढ मंजूर झाली होती, आणि ती कोणाला द्यायची ते बॉइलबाईंनी ठरवायचं होतं. सोमवारपर्यंत नाव द्यायचं आणि शनिवारी दोन्ही उमेदवारांना फिरायला न्यायचं, याचा अर्थ कळायला काही पंचांग उघडायला नको.

आणि ही जागा स्मृतीला हवी होती. हवी म्हणजे, जीव टांगणीला लागावा इतकी हवी होती. नवऱ्याची, केदारची, नोकरी लेटरकेनीत. लेक निहारिका लेटरकेनीच्या शाळेत. आणि स्मृती? पहिले सहा महिने ट्रली, म्हणजे देशाचं दुसरं टोक. मग दीड वर्ष मलिंगार. शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढायची, तीन तास हाणायची, रविवारी उलट पावली परत. निहारिका फोनवर विचारायची, “हाऊ मेनी स्लीप्स, मॅमी?” आणि स्मृती बोटांवर रात्री मोजायची. या जानेवारीत कुठे तिघं एका छपराखाली आले होते. रोज संध्याकाळी स्वतःच्या ओट्याशी उभं राहून कुकर लावण्यात इतकं सुख असतं हे तिला पस्तिसाव्या वर्षी कळलं होतं. ही मुदतवाढ गेली की पुन्हा तेच. शुक्रवार, रविवार आणि स्लीप्स.

तिघंही चालायला लागले. बॉइलबाई मधे, त्यांच्या उजव्या हाताला श्रेयस, डाव्या हाताला स्मृती. श्रेयस नेहमी उजव्या हातालाच असायचा. वॉर्डातही तेच. जानेवारीपासून हा गडी राउंडला बाईंच्या उजव्या खांद्याला चिकटलेला. बाईंच्या हातातली फाइल हा घेणार, बाई बोलतील ते हा लिहिणार, दार हा ढकलणार. बाईंनी पेन काढायच्या आत याचं पेन बाहेर. नर्सेस हसायच्या. स्मृतीला हसूही येत नसे. चमचेगिरीलाही काही मर्यादा असते की नाही?

“तर श्रेयस,” बॉइलबाई म्हणाल्या, “तू ग्लेशियरवर जाऊन आलायस. तुझ्या सीव्हीत वाचलं मी. पिंडारी, ना? सांग ना त्याबद्दल.”

झालं! स्मृतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याचं असं आहे. भारतातून इथे येणारा कुठलाही डॉक्टर स्वतःचा सीव्ही स्वतः लिहीत नाही. आधी आलेल्याचा मागून घेतो. “फॉरमॅटसाठी पाठव ना गं” असा मेल येतो, आपण पाठवतो, समोरचा नाव बदलतो, कॉलेज बदलतो, तारखा बदलतो, की झाला सीव्ही तयार. आपलाही असाच कोणाकडून तरी आलेला असतो. दोन वर्षांपूर्वी श्रेयस यायच्या खटपटीत होता तेव्हा एका बॅचमेटच्या ओळखीने त्याने स्मृतीचा सीव्ही मागितला, आणि स्मृतीने भोळेपणाने पाठवला. भोळेपणाने कसला, मूर्खपणाने! गड्याने नाव बदललं, कॉलेज बदललं, आणि शेवटी छंदांपाशी येऊन बहुधा त्याचे हात दुखायला लागले. ‘हाय अल्टिट्यूड ट्रेकिंग, पिंडारी ग्लेशियर, २००३’ ही ओळ त्याने जशीच्या तशी ठेवून दिली.

आणि स्मृतीच्या सीव्हीतून ती ओळ गेली. ती कशी गेली तेही ऐका. डब्लिनला गिरीश म्हणून एक सीनियर आहे, येईल त्या प्रत्येक मराठी डॉक्टरला फुकट सल्ला देणारा. तो म्हणाला, “स्मृती, डोंगरबिंगर काढ तू. बाईने ट्रेकिंग लिहिलं की पॅनेलला वाटतं हिचा पाय घरात ठरत नाही. ‘हिंदुस्तानी क्लासिकल व्होकल’ टाक. सोज्ज्वळ दिसतं.” आणि कळसूबाईला सतरा वेळा गेलेली, पिंडारीच्या झीरो पॉइंटवर नाक गोठवून आलेली स्मृती, तिने ते ऐकलं आणि टाकलं! गिरीशवर तर ती चिडलेली होतीच, पण स्वतःवर जास्त. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

“पिंडारी,” श्रेयस घसा साफ करत म्हणाला, “खूपच सुंदर आहे. म्हणजे, बर्फ. सगळीकडे बर्फ.”

वा! ग्लेशियरवर बर्फ असतो. शोध लावला.

“आम्ही खातीहून निघालो, मग द्वाली, मग फुरकिया,” श्रेयस सांगू लागला. “फुरकियाला आमच्यातल्या एका मुलीला उंचीचा त्रास झाला. तिचे ओठ निळे पडले. मग मी आणि गाइडने तिला आळीपाळीने पाठीवर घेतलं आणि दुपारभर उतरून द्वालीला आणलं.”

स्मृती चालता चालता थांबलीच. अरे चोरा! ती मुलगी म्हणजे अलकनंदा. तिला पाठीवर घेणारी स्मृती. ते निळे ओठ आजही कधी कधी स्मृतीच्या डोळ्यांपुढे येतात. आणि ही गोष्ट तिने श्रेयसला फेब्रुवारीत सांगितली होती, तिच्याच घरी, तिच्याच हातची साबुदाण्याची खिचडी तो दोनदा मागून घेऊन खात होता तेव्हा. खिचडी पचवली ती पचवली, वर गोष्टही पचवली! आता ढेकर कोणापुढे देतोय तर बॉइलबाईंपुढे.

बॉइलबाईंनी मान हलवली. “भीती वाटली असेल तुला.”

“हो,” श्रेयस म्हणाला, आणि त्याने एकदा ओझरतं स्मृतीकडे बघितलं. त्या बघण्यात ‘नको ना गं’ असं काहीतरी होतं. तर! म्हणे नको ना गं.

स्मृतीने चाल वाढवली. तिथे राहिली असती तर तिच्या तोंडून काय निघालं असतं देव जाणे. पाच पावलं पुढे, दहा पावलं पुढे. बूट खडीवर करकरत होते. ऱ्होडोडेंड्रॉनच्या जांभळ्या फुलांनी उतार भरले होते, डावीकडे तळ्याचं काळं पाणी संपत आलं होतं, आणि दोन्ही बाजूंचे कडे रंध्याने तासल्यासारखे सरळ वर गेले होते. मागून बॉइलबाईंचा आवाज येत होता, हल्ली त्या इतक्या हळू बोलायच्या की कान लावावे लागत. त्या श्रेयसला सांगत होत्या की ही दरी बर्फाने कोरली. हजारो वर्षं इथून एक हिमनदी सरकत गेली आणि जाता जाता तिने दरीचा तळ खरवडून सपाट केला. “आल्प्समधल्या दऱ्या अशाच असतात,” त्या म्हणाल्या. “फक्त इथला बर्फ आपल्या घरी गेला.”

पुढे जाऊन स्मृती एका बाकापाशी थांबली. हो, बाकही होते! ती दोघं मागून येत होती, आणि चाल अशी, की लग्नात वधूवरांना स्टेजवर आणतात ती बरी. बॉइलबाईंचा उजवा हात जॅकेटच्या खिशात, पावलं छोटी छोटी. हाच का आल्प्स चढलेल्या बाईंचा रुबाब? एकदा म्हणे मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी राहिल्या होत्या. असतील राहिल्या, हॉटेलात. स्मृतीच्या तोंडाला नुसती कडवट चव आली. जवळ आल्यावर ती गोड हसली, “टेकूया का?” बाई म्हणाल्या नको, आणि ती पुन्हा पुढे सुटली.

पुढे एक लाकडी फाटक होतं. हरणं बाहेर जाऊ नयेत म्हणून. त्याला लोखंडी अडसर. स्मृतीने तो एका झटक्यात सरकवला, आत शिरली आणि मागे वळून पाहिलं. श्रेयस धावत पुढे आला, बाईंच्या आधी फाटकाशी पोचला, त्याने ते धरून ठेवलं, आणि बाई आत येताना त्यांच्या कोपराखाली हात धरला. बाईंच्या! ज्यांच्यापुढे सगळं हॉस्पिटल चळाचळा कापतं त्यांच्या कोपराखाली हात! स्मृतीला वाटलं, आता बाई याला झाडणार. पण बाई त्या हाताच्या आधारानेच आत आल्या.

मग रिमझिम आली तेव्हा याने बाईंच्या जॅकेटची चेन वर ओढून दिली. चेन! हे बघून स्मृतीने मान फिरवली. लोणी लावायचं म्हणजे किती लावायचं? पोळी दिसेनाशी होईपर्यंत?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते कामाला येत होतं. बाई त्याच्याशी बोलत होत्या, हसत होत्या. स्मृतीशी मात्र एकदाच बोलल्या होत्या, आणि ते काय, तर “तू गातेस ना? आमच्याकडे चर्चमध्ये कॉयर आहे.” स्मृतीने “लव्हली” म्हणून वेळ मारून नेली होती. परीक्षा कोणी दिल्या? स्मृतीने. एमआरसीपीचे तिन्ही टप्पे कोणी पार केले? स्मृतीने. हा दिवटा दुसऱ्या टप्प्यात दोनदा आपटलेला. आणि जागा जाणार होती ती चोरलेल्या ग्लेशियरवर आणि ओढलेल्या चेनवर. तिच्या डोळ्यांपुढे मलिंगारची ती भाड्याची खोली आली, ओल धरलेला कोपरा आणि एका माणसाचा कुकर.

तासाभराने ते दरीच्या आतल्या टोकाला पोचले. तिथे ओढ्याकाठी मोठाले दगड होते. बॉइलबाई एका दगडावर बसल्या, जरा जपूनच. श्रेयसने सॅकमधून त्यांचा फ्लास्क काढला, झाकण फिरवून उघडलं, चहा अर्धाच कप ओतला आणि त्यांच्या डाव्या हातात दिला. चिलटांचा एक ढग आला आणि तिघांच्या डोक्यांवर घोंघावू लागला.

“छान आहे ना इथे?” बॉइलबाई म्हणाल्या. “स्मृती, मला तुझ्याशी जरा...”

“डॉक्टर बॉइल, मला काहीतरी सांगायचंय,” स्मृती म्हणाली. तिचं डोकं आता ठणकत होतं. “श्रेयस कुठल्याही ग्लेशियरवर गेलेला नाही. पिंडारीला मी गेले होते. त्या मुलीला पाठीवरून मी आणलं. ती ओळ माझ्या सीव्हीतली आहे, त्याने उचलली. गोष्टसुद्धा माझी आहे.”

श्रेयसचा चेहरा जॅकेटच्या रंगाचा झाला.

“श्रेयस?” बाई म्हणाल्या.

“खरं आहे,” तो म्हणाला. त्याने काठ्या खाली ठेवल्या. “मी कुठेच गेलेलो नाही. आमच्या नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायऱ्या चढतानासुद्धा मला दम लागतो. ती ओळ चुकून राहिली. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगायचा धीर झाला नाही. सॉरी. स्मृती, तुलाही सॉरी.”

आणि बॉइलबाई हसायला लागल्या! चहा सांडेल इतक्या हसल्या.

“गेल्या वर्षी माझ्याकडे सात सीव्ही आले होते,” त्या म्हणाल्या. “त्यातले तिघं त्या ग्लेशियरवर जाऊन आलेले. मला वाटलं, तिथे तिकिटाची खिडकी असणार.” मग त्यांनी स्मृतीकडे पाहिलं. “आणि तुझं गाणं?”

“मला... गाता येत नाही.”

“माहीत आहे. मार्चमध्ये नर्स मेरीचा वाढदिवस झाला ना वॉर्डात, तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस.”

इथे गप्प बसायचं. कोणीही शहाणी बाई इथे गप्प बसली असती, आपणही हसली असती, चहा प्यायली असती. पण स्मृतीच्या आत दोन वर्षांचे शुक्रवार आणि रविवार उकळत होते, आणि समोर हे दोघं हसत होते. तिची जीभ सैल सुटली.

“म्हणजे सगळं हसण्यावारी न्यायचं?” ती म्हणाली. “मग इथे जागा मिळते तरी कशावर? परीक्षांवर नाही, खरेपणावर नाही. झाकणं उघडून देण्यावर? चेन ओढून देण्यावर? जानेवारीपासून बघतेय मी. फाइल धर, पेन काढ, कोपर धर. सगळा वॉर्ड हसतो याला! मला नाही जमत ते. मी डॉक्टर आहे, मी कोणाची मोलकरीण...”

“स्मृती, गप्प बस!” श्रेयस मराठीत ओरडला. याचा आवाज एवढा चढू शकतो हे तिला ठाऊकच नव्हतं. “हात जोडतो तुझ्यापुढे. एक शब्द बोलू नकोस आता.”

“का? झोंबलं?”

“असू दे, श्रेयस,” बॉइलबाई म्हणाल्या. भाषा कळली नसली तरी बाकी सगळं त्यांना कळलं होतं. त्यांनी डाव्या हातातला कप शेजारी दगडावर ठेवला. उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

हात नुसता गुडघ्यावर पडलेला होता, आणि त्याचा अंगठा तर्जनीवर फिरत होता. देवापुढच्या वाती वळाव्यात तसा, संथ, आपोआप, थांबायचं नावच नाही.

स्मृती बघतच राहिली. असे हात ती दर आठवड्याला बघत होती. ओपीडीत पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येईपर्यंत निदान करून मोकळी व्हायची ती. एक हात झुलत नाही. पावलं आखूड. आवाज बारीक होत जातो. अक्षर मुंगीएवढं होतं. बाईंचं अक्षर! जानेवारीत नर्सेस तक्रार करत होत्या की बाईंचं लिहिलेलं वाचता येत नाही, आणि स्मृती म्हणाली होती की कन्सल्टंट झालं की माणूस शाईचीसुद्धा कंजुषी करतो. नर्सेस हसल्या होत्या. तेव्हापासून श्रेयस लिहायला लागला होता.

“पार्किन्सन्स,” बॉइलबाई म्हणाल्या. “डिसेंबरात कळलं. माझ्या बहिणीला माहीत आहे, माझ्या न्यूरॉलॉजिस्टला माहीत आहे, आणि हॉस्पिटलात ज्यांना कळवायला हवं त्यांना कळवलंय. त्यांनी मला एक वर्ष काम करायला हरकत नाही म्हटलंय. श्रेयसला मी सांगितलेलं नव्हतं. त्याने जानेवारीत एके दिवशी माझ्या हातातली फाइल घेतली आणि परत दिलीच नाही. आजवर याबद्दल तो माझ्याशी अवाक्षर बोललेला नाही.”

श्रेयस खाली बघत होता. त्याने दगडावरचा कप उचलला आणि तो ओढ्याकडे निघून गेला.

“मला माहीत नव्हतं,” स्मृती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला केविलवाणा वाटला. माहीत नव्हतं! पेशंटच्या नातेवाइकांनी असं म्हटलं की ती मनात म्हणायची, डोळे कुठे गहाण ठेवले होते?

“नसेल. मला राग नाही,” बाई म्हणाल्या. “मी काल दुपारीच श्रेयसचं नाव पाठवलं.”

काल दुपारी. म्हणजे फिरायला बोलवायच्या आधीच.

“तू त्याच्याहून हुशार आहेस, त्यात वाद नाही,” बाई पुढे बोलत होत्या, त्याच बारीक आवाजात, आणि स्मृतीला आता एकेक शब्द ऐकू येत होता. “तुला ते पत्राने कळलं असतं तर तू आयुष्यभर म्हणत राहिली असतीस की माझी जागा एका खोट्या ओळीवर गेली. ते मला नको होतं. तुला खरं कारण समोर बसून सांगायचं होतं, आणि हे काही वॉर्डात सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, इथे येऊ. आता मला एवढीच वाट जमते. मलिंगारला माझी मैत्रीण आहे, तिच्याकडे जुलैपासून जागा आहे. ती तुला घेईल. मी तिच्याशी तुझ्याबद्दल खूप चांगलं बोललेय.”

मलिंगार. स्मृतीला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. रडायलाही तोंड लागतं. केदारला फोन करून काय सांगायचं हे तिला सुचेना. जागा गेली हे सांगता आलं असतं. पण ती कशी गेली, आणि गेली आहे हे कळायच्या पाच मिनिटं आधी आपण काय काय बोललो, हे कोणत्या तोंडाने सांगणार होती ती? आपल्यासाठी बाईंनी स्वतःचं सगळ्यात जपलेलं गुपित एवढ्या लांबवर चालत आणलं, आणि आपण मात्र ‘मोलकरीण’ म्हणालो.

“सॉरी,” ती म्हणाली. “डॉक्टर बॉइल, मी खरंच...”

“चल, निघूया,” बाई म्हणाल्या. “शेवटची बस चुकायला नको.”

त्या दगडावरून उठल्या. पहिल्या झटक्यात जमलं नाही, दुसऱ्यात जमलं. उभं राहिल्यावर त्यांचं लक्ष पायाकडे गेलं. उजव्या बुटाची नाडी सुटून खडीवर लोळत होती. त्या नुसत्या तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

स्मृतीने ते पाहिलं. या खेपेला पाहिलं. ती पटकन पुढे झाली, त्या सपाट खडीवर एक गुडघा टेकून बसली आणि तिने नाडीला हात घातला.

बाईंनी पाय मागे घेतला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “श्रेयस येईल.”

ओढ्याकाठी पाठमोरा श्रेयस कप विसळत होता. चिलटं स्मृतीच्या मानेला चावत होती, पण ती झटकायला तिचा हात उठला नाही. बाई एक पाय किंचित पुढे ठेवून उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायाशी गुडघ्यावर बसलेली स्मृती, दोघीही श्रेयसची वाट बघत राहिल्या.